डॉ. कोटणीस आणि लाल चीनचं दुःस्वप्न

१९५०च्या दशकात अमेरिकेत ‘नाइटमेअर इन रेड चायना’ नावाचा एक इंग्रजी चित्रपट दाखवला गेला. लाल चीनमधलं दुःस्वप्न. कम्युनिस्टांची धास्ती घेतलेल्या त्या काळात असल्या नावांची तिथे चलतीच होती, तेव्हा नावात नवल नाही. नवल आहे ते पडद्यावरच्या माणसांचं. यातला डॉक्टर म्हणजे कोल्हापूरचे शांताराम राजाराम वणकुद्रे, अर्थात व्ही. शांताराम. चिनी नायिका झाली होती जयश्री, आणि चिनी सेनानीच्या वेशात होते आपले बाबूराव पेंढारकर. निर्मिती परळच्या ‘राजकमल कलामंदिर’ची. मूळ चित्रपट १९४६चा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. सोलापूरच्या एका डॉक्टरच्या त्यागाची गाथा सातासमुद्रापार गेली, तिथे तिच्यावर कात्री चालली आणि तिचं भयपटाच्या नावाने बारसं झालं.

गोष्टीचा एक धागा आपल्या मुलखातूनही जातो. चंदन नदीकाठचं रामपायली आज बालाघाट जिल्ह्यात, मध्य प्रदेशात आहे.  पण १९३८ साली हा सगळा पट्टा ‘मध्य प्रांत आणि वऱ्हाड’ या प्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर. त्या वर्षी काँग्रेसने चीनला जे वैद्यकीय पथक धाडलं, त्यातल्या पाच डॉक्टरांपैकी एक, डॉ. चोळकर, या नागपूरचे होते. बाकीचे चौघे म्हणजे अलाहाबादचे अटल, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जपानने १९३७मध्ये चीनवर आक्रमण केल्यावर सेनापती चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले होते. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं, वर्गणी जमली आणि पथक बोटीने निघालं.

१९३९च्या सुरुवातीला ही मंडळी येनानला पोहोचली. पुढे एकेक करून चौघे परतले. कोटणीस राहिले. कम्युनिस्टांच्या आठव्या रूट आर्मीबरोबर फिरत त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, १९४१मध्ये कॅनडाहून आलेल्या डॉ. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्याच वर्षाअखेर क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव इनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. आणि ९ डिसेंबर १९४२ला अपस्माराच्या झटक्याने कोटणीस गेले. वय अवघं बत्तीस.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४मध्ये या प्रवासावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’. त्यावरून अब्बास आणि वसंत साठे यांनी पटकथा केली. ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ हे चित्रपटही पुढे याच जोडीने लिहिले. संगीत वसंत देसाईंचं. शांताराम १९४२मध्ये ‘प्रभात’ कंपनी सोडून बाहेर पडले होते आणि ‘राजकमल’चा पहिला चित्रपट ‘शकुंतला’ मुंबईत तुफान चालला होता. अशा माणसाला चीनमधल्या डॉक्टरची गोष्ट का घ्यावीशी वाटली? आदर्शवाद होताच, पण कच्च्या फिल्मची टंचाईही होती. महायुद्धाच्या काळात फिल्मवर सरकारी परवाना आला होता आणि निर्मात्यांनी युद्धप्रयत्नाला पोषक चित्रपट काढावेत असा सरकारचा आग्रह होता. जपानशी लढणाऱ्या चीनची बाजू घेणारी कथा त्या चौकटीत चपखल बसत होती. इंग्रज सरकार खूश, काँग्रेसला अभिमान, डाव्यांनाही मान्य. इतक्या परस्परविरोधी मंडळींना एकाच वेळी चालेल असा विषय हिंदी सिनेमाला क्वचितच सापडला असेल.

आता एक गोष्ट, जी मराठी लेखनात सहसा ओठांवर येत नाही. पहिली कात्री शांतारामांचीच होती. पडद्यावरचे कोटणीस अपस्माराने मरत नाहीत. ते प्लेगच्या साथीशी झुंजतात, तिच्यावर उपाय काढतात आणि शेवटी त्याच रोगाला बळी पडतात. मधे जपान्यांच्या तावडीत सापडतात आणि जनरल फाँग नावाच्या काल्पनिक सेनानीबरोबर निसटतातही. नाट्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखं आहे. अपस्माराचा झटका पटकथेच्या काही कामाचा नसतो, त्यात शत्रूही नाही आणि निवडही नाही. रोग्यांसाठी ओढवून घेतलेलं मरण मात्र हुतात्म्याला शोभतं. मला हा बदल खटकतो, पण तो करणाऱ्याचा हेतू नायकाला मोठं करण्याचा होता, आणि जे झालं ते त्याच्या स्वतःच्या नावाखाली, उघड झालं. हा फरक पुढे लक्षात ठेवावा लागेल.

हिंदीबरोबरच शांतारामांनी इंग्रजी आवृत्तीही काढली, ‘द जर्नी ऑफ डॉ. कोटणीस’. त्यांना परदेशचं वेड आधीपासून होतं आणि ते अनाठायी नव्हतं. ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ने १९३७मध्ये व्हेनिसला मान मिळवला होता आणि ‘शकुंतला’ही पुढे न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहात लागली. पण याच इंग्रजी आवृत्तीने घात केला म्हणायला हवं. हिंदी चित्रपट अमेरिकेत विकायचा तर दुभाषी, डबिंग किंवा उपशीर्षकं, सगळाच खर्च. इथे पात्रं आयतीच इंग्रजी बोलत होती. कापणाऱ्याला याहून सोयीचा माल कुठला मिळणार?

अमेरिकेत असा माल घेणारा एक व्यापारी वर्गच होता. मोठ्या स्टुडिओंच्या साखळीबाहेरचे हे छोटे वितरक परदेशी चित्रपट ठोक रकमेला घेत आणि पुढे एकेका राज्याचे हक्क स्थानिक वितरकांना विकत. आपल्याकडे चित्रपट ‘सर्किट’वार विकला जातो, तसंच. १९४८मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंना चित्रपटगृहांच्या साखळ्या सोडायला लावल्या आणि अनेक थिएटरं मोकळी झाली. त्यांना रोज काहीतरी दाखवायचं होतं. ज्यांच्या आसपास प्राध्यापक आणि विद्यार्थी राहत त्यांनी युरोपचे कलात्मक चित्रपट लावले. ज्यांच्या दारात वेगळी गर्दी होती त्यांनी अंगप्रदर्शन, खून, भुतं आणि राक्षस लावले. गंमत अशी की पुष्कळदा दोन्हीकडे एकच चित्रपट लागे, फक्त पोस्टर वेगळं. हॉलिवूडच्या आचारसंहितेने घरच्या चित्रपटांना जे दाखवू दिलं नाही ते परदेशी चित्रपटांत थोडंफार असे, त्यामुळे ‘कलात्मक’ ही पाटी दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांना खुणावत होती. इटलीच्या रोसेलिनीचा ‘रोम, ओपन सिटी’ म्हणजे नाझींच्या छळाखाली भरडलेल्या शहराची कहाणी. १९४६मध्ये तो न्यूयॉर्कला लागला आणि त्याच्या जाहिरातींनी छळापेक्षा शृंगारावरच भर दिला.

या धंद्यातला बिनीचा गडी म्हणजे क्रोगर बॅब. लैंगिक शिक्षणाच्या नावाखाली ‘मॉम अँड डॅड’ हा चित्रपट त्याने गावोगाव नेला. बायकांचा खेळ वेगळा, पुरुषांचा वेगळा, मधल्या वेळात एका ‘तज्ज्ञा’चं व्याख्यान आणि व्याख्यानानंतर पुस्तिकांची विक्री. ‘एलियट फोर्ब्स’ नावाचे हे तज्ज्ञ एकाच वेळी अनेक गावांत बोलत असत, कारण ते भाड्याचे नट होते. बॅबच्या हाती इंगमार बर्गमनचा १९५३चा ‘समर विथ मोनिका’ आला. तारुण्यातल्या एका उन्हाळ्याची आणि नंतरच्या विरसाची ही हळवी, कडवट गोष्ट सुमारे दीड तासाची होती. बॅबने ती तासाभरावर आणली. विरस गेला, उघड्याने पोहणारी नायिका राहिली. लेस बॅक्स्टरकडून नवं, चटकदार संगीत करवून घेतलं आणि १९५५मध्ये नाव दिलं ‘मोनिका, द स्टोरी ऑफ अ बॅड गर्ल’. एका वाईट मुलीची गोष्ट! बर्गमनने तिला वाईट म्हटलंच नव्हतं. वाईट कुणाला म्हणायचं हा प्रश्नच त्याने चित्रपटभर लोंबकळत ठेवला होता, आणि पोस्टरने त्याचा निकाल तिकीट काढण्याआधीच लावून टाकला.

फ्रान्सच्या जॉर्ज फ्रांजूचा ‘आइज विदाउट अ फेस’ १९६२मध्ये अमेरिकेत आला तो ‘द हॉरर चेंबर ऑफ डॉ. फाउस्टस’ होऊन, एका दुसऱ्या राक्षसपटाच्या जोडीला. या चित्रपटात फाउस्टस नावाचं कुणीही नाही. डॉक्टर आहे, पण तो जेनेसिए.

मात्र कोटणीसांच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचं उदाहरण जपानचं आहे. १९५४चा ‘गोजिरा’ म्हणजे अणुबॉम्बने होरपळलेल्या देशाने केलेला शोक. दोन वर्षांनी अमेरिकेत तो ‘गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!’ म्हणून आला. त्यात रेमंड बर या नटाला अमेरिकन वार्ताहर म्हणून घुसवलं होतं. त्याचे प्रसंग वेगळे चित्रित करून जपानी प्रसंगांच्या मधे बसवले, पाठमोऱ्या बदली नटांशी त्याचं बोलणं करवलं. दीड तासाहून मोठा चित्रपट ऐंशी मिनिटांचा झाला आणि अणुचाचण्यांबद्दलचं टोचणारं बोलणं बरंचसं गळालं. राक्षस राहिला, त्याला जन्म देणारं कारण पुसट झालं.

हे नेमकं करतात कसं, ते इथे सांगायला हवं, कारण अशा चित्रपटांना नवं संगीत आणि निवेदन का लागतं, हे त्यातच कळतं. ३५ मिलिमीटरच्या प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्रांच्या शेजारीच छापलेली असते, पण एखाद्या चौकटीचा आवाज तिच्या बरोबर शेजारी नसतो. प्रोजेक्टरमध्ये चित्र एका जागी दिसतं आणि आवाज वाचणारा दिवा त्याच्यापुढे असतो, म्हणून आवाज सुमारे २० चौकटी आधी छापतात. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी पळतो. आता कुणी प्रिंटमधला एखादा प्रसंग कापून दोन टोकं जोडली, तर पडद्यावर चित्र तत्काळ बदलतं, पण आवाज बदलायला जवळजवळ सेकंद लागतो. त्या सेकंदात ऐकू येते ती कापून फेकलेल्या प्रसंगाची सुरुवात. माणूस गेला, त्याचा अर्धा शब्द राहिला. गावोगावच्या टुरिंग टॉकीजमध्ये जोडाजोड झालेली प्रिंट पाहिलेल्यांच्या कानांना ही उचकी परिचयाची असेल.

म्हणून मुरलेला कापणारा प्रिंटला हात लावत नाही. तो चित्र आणि आवाज वेगवेगळे असतानाच काम करतो आणि जोडांवरून एक अखंड आवाज पसरतो. नवं पार्श्वसंगीत हे काम करतं, आणि निवेदक तर त्याहून उत्तम करतो. दोन असंबद्ध प्रसंगांच्या मधे गंभीर आवाजात एक वाक्य टाकलं की ते एकमेकांचे कारण आणि परिणाम वाटू लागतात. शेतातून माणसं पळताहेत एवढंच चित्र असेल, तर ती जपान्यांना भिऊन पळताहेत की कम्युनिस्टांना, हे निवेदक सांगेल तेच खरं. गणवेश, बंदुका, जळणारी घरं, रुग्णालयातली गर्दी यांना स्वतःचं राजकारण नसतं. त्यांना मिळतं ते शीर्षकातून, क्रमातून आणि आवाजातून.

‘डॉ. कोटणीस’मध्ये हे सगळं भरपूर होतं. चित्रपट तयार होत असताना चीन हा अमेरिकेचा मित्र होता आणि जपान शत्रू. १९४९मध्ये माओंची सत्ता आली, १९५०मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं आणि तोच चीन वैरी ठरला, जपान दोस्त. पडद्यावरची एकही चौकट हलली नव्हती, बाहेरचं जग मात्र उलटं झालं होतं. चिनी माणसांच्या बाजूने केलेली कृती आता ‘लाल चीन’च्या नावाखाली विकता येत होती. अभ्यासक नीपा मजुमदार यांनी कलापट आणि सवंगपट यांच्यामधल्या या प्रवासावर सविस्तर लिहिलं आहे, आणि तो शीतयुद्धाच्या संदर्भात ठेवून पाहिला आहे. मला त्यात सगळ्यात बोचतं ते हे, की ज्याच्यावर हा चित्रपट आहे तो माणूस स्वतः त्या कम्युनिस्ट सैन्याबरोबर होता आणि अखेरच्या वर्षी चिनी कम्युनिस्ट पक्षाचा सभासदही झाला होता. ज्या देशात राहायचं त्याने ठरवलं, तोच त्याच्या चित्रपटाच्या शीर्षकात दुःस्वप्न झाला.

आपण इथे बसून अमेरिकन वितरकांना नावं ठेवावीत इतके काही आपण सोवळे नाही. आय. व्ही. शशी यांचा १९७८चा मल्याळम चित्रपट ‘अवळुडे रावुकळ’ एका वेश्येकडे माणूस म्हणून पाहतो, सीमा या अभिनेत्रीचं ते मोठं काम. हिंदीत डब होऊन तो ‘हर नाइट्स’ या नावाने उत्तरेत आणि आपल्याकडे गेला आणि लोकांनी तो काय समजून पाहिला, हे त्या काळी मॉर्निंग शोला गेलेल्यांना विचारायची गरज नाही. नंतर तर दक्षिणेतल्या चित्रपटांत मधेच तिसऱ्याच कुठल्या तरी चित्रपटाचे ‘बिट’ जोडण्याची चालच पडली. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार प्रमाणपत्र मिळाल्यानंतर चित्रपटात असा फेरफार करणं गुन्हा आहे. पण प्रमाणपत्र मिळायचं मुंबईत किंवा मद्रासेत आणि तुकडा जोडला जायचा भलत्याच गावच्या प्रोजेक्टर रूममध्ये. आपला मुलूख चित्रपट-व्यापाऱ्यांच्या नकाशात आजही ‘सी. पी. बेरार’, म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड, आहे. १ नोव्हेंबर १९५६ला बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं आणि विदर्भ तेव्हाच्या द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, पण भुसावळ-अमरावतीच्या वितरकांनी जुनी हद्द मोडली नाही. मोठ्या शहरांतून उतरलेली प्रिंट अशा सर्किटच्या टोकाच्या गावी शेवटी पोहोचायची, आणि वाटेत तिच्यातून काय गळलं, काय चिकटलं, याचा हिशेब ठेवणारं कुणी नव्हतं.

कोटणीसांची कथा लिहिणाऱ्या अब्बास यांच्या नशिबी पुढे कात्रीशी थेट सामना होता. ‘चार शहर एक कहानी’ या त्यांच्या छोट्या माहितीपटातली वेश्यावस्तीची दृश्यं सेन्सॉरला खटकली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७०च्या निकालात न्यायालयाने चित्रपटांवरचं पूर्वनियंत्रण घटनेत बसतं असं सांगितलं, मात्र ते कसं करावं याबद्दल सरकारला चार शब्द सुनावले. म्हणजे सरकारच्या कात्रीबद्दल तरी कोर्टात भांडता आलं. विकत घेणाऱ्याच्या कात्रीचं काय?

अमेरिकेत तेव्हा याला फारसं उत्तर नव्हतं. लेखकाचा कृतीच्या अखंडतेवरचा हक्क मान्य करणाऱ्या बर्न करारात तो देश सामील झाला तो थेट १९८९मध्ये. त्याआधी ‘माँटी पायथन’ या इंग्रज विनोदी चमूने एका अमेरिकन वाहिनीला कोर्टात खेचलं, कारण नव्वद मिनिटांच्या कार्यक्रमातली चोवीस मिनिटं तिने कापली होती, आणि १९७६मध्ये न्यायालयाने चमूची बाजू उचलून धरली. शांतारामांच्या कामी यायला हे फार उशिराचं होतं. आपल्याकडे मात्र १९५७च्या कॉपीराइट कायद्यातच कलम ५७ आहे. हक्क विकले तरी कृतीची मोडतोड होऊन आपली प्रतिष्ठा बिघडत असेल तर लेखक दाद मागू शकतो. मध्य प्रदेशातल्या भानपुऱ्याच्या लेखिका मन्नू भंडारी यांनी हे कलम वापरलं. त्यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरच्या चित्रपटाने कथेचा विपर्यास केला, अशी त्यांची तक्रार होती आणि १९८६मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लेखकाचा हा हक्क ठामपणे मान्य केला.

या कलमाच्या आधाराने शांताराम भांडू शकले असते, अब्बासही, निदान भारताच्या हद्दीत. कोटणीस नाही. ते कुठल्याच कृतीचे लेखक नव्हते, फक्त विषय होते. चीनने १९८२मध्ये त्यांच्यावर स्वतःचा चित्रपट काढला. तो ‘के दिह्वा’ या त्यांच्या चिनी नावाने. क्वो छिंगलान २०१२पर्यंत हयात होत्या आणि भारतात येऊन गेल्या होत्या. मुलगा इनह्वा वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७मध्ये वारला. यांपैकी कुणालाही कायद्याने विचारायचं कारण नव्हतं, ना राजकमलच्या प्लेगबद्दल, ना अमेरिकेतल्या दुःस्वप्नाबद्दल.